घोडकाठचा प्राचीन भूप्रदेश वाचताना: आधी माती, मग ठिपके

नकाशावर ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांचे ठिपके टाकले की ते बहुतेक नदीकाठी दिसतात आणि ‘लोक पाण्याजवळ राहत’ हा निष्कर्ष आयताच हाती येतो. पण संशोधकही नदीकाठानेच जास्त फिरले आहेत, कारण पाण्याने कापलेल्या उघड्या उभ्या कडा, म्हणजे दरडी, तिथेच असतात. शिवाय जिथे ठिपका नाही तिथे वस्ती नव्हतीच, की ती दोन मीटर गाळाखाली आहे, की पुराने आणि घळींनी खाऊन टाकली, हे ठिपक्यांवरून कळत नाही. ते मातीवरून कळतं. म्हणून इथला क्रम ठरलेला आहे: आधी जमिनीच्या प्रत्येक तुकड्याचं वय आणि घडण, आणि मगच वस्त्या.

उदाहरणासाठी पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातलं इनामगाव आणि त्याच्या आसपासचं घोड नदीचं खोरं घेऊ. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इथे उत्खनन केलं. इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातले माळवा, आरंभीचा जोर्वे आणि उत्तर जोर्वे असे ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीचे तीन टप्पे हाती आले. आरंभीच्या जोर्वे काळातला पाटासारखा कालवा आणि त्याला लागून बांधही मिळाला. म्हणजे आपल्या नकाशाचा निष्कर्ष पडताळायला इथे पक्का पुरावा आहे. नवशिक्याने कोऱ्या प्रदेशापेक्षा अशाच ठिकाणी हात बसवावा. हीच पद्धत पुढे प्रवरेकाठी, नेवासे-दायमाबाद परिसरात, थोड्या फरकाने चालते.

प्रश्न, चौकट आणि परवानगी

‘प्राचीन वस्त्या शोधणे’ हा प्रश्न नव्हे. ‘आरंभीच्या जोर्वे काळात नदीचं पात्र कुठे होतं, पुराचं पाणी कुठवर चढत असावं आणि वस्तीपासून तासाभराच्या चालीत कसण्याजोगी जमीन किती होती’ हा प्रश्न. तो असा बांधला की कोणता डेटा लागेल ते आपोआप ठरतं. पहिल्या कामाला १५ × १५ किलोमीटरची चौकट पुरे. त्यात नदीचे दोन्ही काठ, किमान दोन ओढे आणि पाणलोटाची कड यायला हवी. फक्त गाळाचा पट्टा घेतला तर तुलनेला काही उरत नाही.

खणणं, गिरमिटाने भोक पाडणं आणि खापरं उचलून नेणं यातलं काहीही परवानगीशिवाय करू नका. केंद्रीय संरक्षित स्थळाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. तेही पहिल्याच दिवशी नकाशावर आखून घ्या. ड्रोन उडवायचा असेल तर ड्रोनसाठीच्या सरकारी हवाई नकाशावर त्या जागेचं क्षेत्र हिरवं, पिवळं की लाल ते आधी पाहा.

डेटा: कुठून आणि कशासाठी

उंचीसाठी युरोपच्या कोपर्निकसचा ३० मीटरचा नमुना घ्या, म्हणजे जमिनीच्या उंचीचं अंकीय जाळं, ज्याचा एकेक चौकोन ३० मीटरचा असतो. जोडीला इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावरचा कार्टोसॅट उपग्रहाचा नमुना आणि फेब्रुवारी २०००मधला, अवकाशयानावरच्या रडारने केलेला एसआरटीएम ठेवा. तिन्ही एकमेकांतून वजा केले की कुठे ऊस, बाभळी किंवा नवं धरण आकड्यांत शिरलं आहे ते दिसतं. हे नमुने रडारने किंवा छायाचित्रांच्या जोडीने केलेले असतात. ते उघड्या जमिनीची उंची देत नाहीत, वर जे उभं असेल त्याची देतात. त्यांच्याकडून पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या राखट मातीचं, टेकाड दिसण्याची अपेक्षाही ठेवू नका. १०० मीटर रुंद आणि ३ मीटर उंच टेकाड ३० मीटरच्या जाळीत जेमतेम तीन बाय तीन चौकोनांत बसतं, आणि उभी चूकच काही मीटरची असते. खोऱ्याचा उतार, ओढ्यांची जाळी आणि नदीपासूनची सापेक्ष उंची यांसाठीच हे नमुने वापरावेत.

सगळ्यात मोलाचा डेटा म्हणजे १९६० ते १९७२ या काळातल्या अमेरिकी ‘कोरोना’ हेरगिरी उपग्रहांची छायाचित्रं. ती १९९५ साली खुली झाली. त्यांतल्या चांगल्या पट्ट्यांत सुमारे २ मीटरचे तपशील दिसतात. आधी कोणी स्कॅन करून घेतलेल्या पट्ट्या अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या (यूएसजीएस) ‘अर्थएक्सप्लोरर’ संकेतस्थळावर मोफत मिळतात, बाकीच्या शुल्क भरून मागवता येतात. या छायाचित्रांत जेसीबीने सपाटीकरण होण्यापूर्वीची शेतं आहेत. जायकवाडी १९७६ साली आणि उजनी १९८० साली पुरी झाली. त्यांच्या पाण्याखाली गेलेला गोदावरी आणि भीमेचा काठ पाहायचा तर ही छायाचित्रं पाहावीच लागतात.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,०००चे नकाशे (टोपोशीट), युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची १० मीटरची चित्रं आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा भूशास्त्रीय नकाशा हे घेतलं की घरबसल्या करायच्या कामाची तयारी झाली.

प्रक्षेपण: इथेच सर्वाधिक कामं बिघडतात

क्यूजीआयएस हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर उघडून प्रकल्पाची निर्देशांक पद्धत यूटीएम ४३ उत्तर (सांकेतिक क्रमांक ईपीएसजी ३२६४३) ठेवा, ती अंतरं मीटरमध्ये मोजते. ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांदरम्यानचा महाराष्ट्र तिच्यात येतो. त्याच्या पूर्वेला, नागपूरकडे, ४४वा पट्टा लागतो.

उंचीचा नमुना अंशांत येतो. त्यावर तसाच उतार काढला तर आडवं अंतर अंशांत, उंची मीटरमध्ये, आणि अख्खं खोरं सह्याद्रीच्या कड्यासारखं उभं दिसतं. आधी यूटीएममध्ये रूपांतर करा. त्या वेळी पुनर्नमुना पद्धत (नव्या चौकोनांत आकडे कसे भरायचे ती) ‘बायलिनियर’ किंवा ‘क्युबिक’ निवडा. ‘निअरेस्ट’ निवडली तर उतारावर पट्टे उमटतात आणि ते जुने बांध असल्याचा भास होतो.

जुने टोपोशीट पृथ्वीच्या आकाराच्या एव्हरेस्ट या जुन्या गणितावर (गोलाभावर) आहेत, नवे जीपीएस वापरतं त्या डब्ल्यूजीएस ८४ वर. जुन्या शीटवरचे अक्षांश-रेखांश थेट डब्ल्यूजीएस समजून टाकले तर आपल्या भागात सगळं सुमारे शंभर मीटर किंवा थोडं अधिक सरकतं. ओढ्याच्या काठावरची वस्ती ओढ्यापलीकडे जाते. शीट आधी तिच्या मूळ पद्धतीत, चार कोपरे आणि मधल्या जाळीच्या छेदबिंदूंवर, पहिल्या घाताच्या बहुपदीने (नकाशा न वाकवता फक्त सरकवून, फिरवून, ताणून) बसवा आणि मग रूपांतर करा.

कोरोनाची पट्टी वेगळ्या जातीची आहे. कॅमेरा झुलत चित्र घेत असल्यामुळे कडांना ताण असतो. पूर्ण पट्टी एकदम बसवायच्या फंदात पडू नका. आपल्या चौकटीपुरता तुकडा कापा आणि १५ ते २० नियंत्रणबिंदू सगळीकडे पसरून द्या. जुनी देवळं, दगडी विहिरी, रेल्वेचे पूल, गावाच्या वेशी हे चांगले बिंदू. नदीचा काठ आणि शेताचे बांध सरकतात, ते टाळा. ‘थिन प्लेट स्प्लाइन’ निवडली की तक्त्यात चूक शून्य दिसते, कारण ती पद्धत प्रत्येक बिंदूतून जबरदस्तीने जाते. तो शून्य म्हणजे अचूकता नव्हे. पाच बिंदू बसवणीत न वापरता बाजूला ठेवा आणि नंतर त्यांच्यावरचं अंतर मोजा. ते १० मीटरच्या आत असेल तर पुढे चला.

पाण्याची जाळी आणि सापेक्ष उंची

उंचीच्या नमुन्यातले खोटे खड्डे भरण्यासाठी ‘वांग आणि लिऊ’ची पद्धत, मग प्रवाहसंचय, म्हणजे प्रत्येक चौकोनात वरच्या किती चौकोनांचं पाणी येतं त्याची मोजणी. ओढा कुठून सुरू होतो असं मानायचं त्याचा उंबरठा १,००० चौकोन ठेवा. ३० मीटरच्या जाळीत तो ०.९ चौरस किलोमीटर पाणलोट होतो. मिळालेली जाळी टोपोशीटवरच्या ओढ्यांवर ठेवून पाहा. जिथे ती कालव्यालगत किंवा रस्त्याच्या भरावालगत सरळ धावते, तिथे उंचीच्या नमुन्याने माणसाचं बांधकाम पकडलं आहे. तेवढा भाग हाताने दुरुस्त करा. धरणाच्या जलाशयात सगळं सपाट असतं, तिथले आकडे गाळून टाका.

यानंतर प्रत्येक चौकोनाची जवळच्या प्रवाहापासूनची उभी उंची काढा. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीपेक्षा हा नकाशाथर कितीतरी कामाचा आहे. ०–५, ५–१०, १०–२० आणि २० मीटरच्या वर असे पट्टे रंगवले की पात्रालगतचा नवा गाळ, जुन्या गाळाची उंच पायरी आणि मुरमाड माळ वेगळे व्हायला लागतात. ही सीमा तात्पुरती समजा, ती दरडीवर तपासायची आहे.

चित्रांत काय शोधायचं आणि काय फसवतं

एप्रिल-मे महिन्यांतली, रब्बी निघाल्यानंतरची सेंटिनेलची चित्रं उघड्या मातीसाठी घ्या. काळ्या रानात राखट, फिकट, गोलसर डाग दिसला की ती जुन्या वस्तीची पांढर असू शकते. कोरोनात असेच डाग अधिक ठळक दिसतात. जानेवारी-फेब्रुवारीतल्या कोरडवाहू ज्वारीवर एनडीव्हीआय, म्हणजे पिकाच्या हिरवेपणाचा निर्देशांक, काढा. जुन्या बुजलेल्या पात्रावर ओल टिकते, तिथे पीक उशिरापर्यंत हिरवं राहतं आणि नागमोडी पट्टा उमटतो.

आता फसवणारे डाग. ऊसपट्ट्यात जादा पाण्याने चोपण झालेल्या जमिनीवर मिठाचा पांढरा थर येतो, तो हुबेहूब पांढरीसारखा दिसतो. वीटभट्टी, मुरमाचे ढीग, शेततळ्याची काढलेली माती, चुनखडीचा उघडा पट्टाही तसाच दिसतो. उपाय सोपा आहे: तोच डाग कोरोनात आहे का पाहा. १९६०च्या दशकात आणि आजही आहे, आणि आजूबाजूपेक्षा थोडा उंच आहे, तर जाऊन बघण्याच्या यादीत टाका. फक्त आजच आहे, तर शेवटी पाहा.

गावात ‘इथे प्राचीन अवशेष आहेत का?’ असा प्रश्न विचारू नका. ‘गावाबाहेर पांढर कुठे आहे, धाब्याच्या घरावर टाकायला किंवा शेतात टाकायला पांढरी माती पूर्वी कुठून आणायचे, नांगराला खापऱ्या-राख कुठे लागते?’ असं विचारलं की म्हातारी माणसं नेमकं शेत दाखवतात.

दरड वाचणं

हा सगळ्या कामाचा गाभा आहे. आपल्याकडच्या नदीगाळाचं वाचन डॉ. शरद राजगुरू यांनी डेक्कन कॉलेजमधून रुजवलं. त्या कामाचा धडा हा की दरड नीट साफ केल्याशिवाय बोलू नये.

पुराने किंवा घळीने कापलेली, पायथ्यापर्यंत उघडी कड निवडा. आधी वरचा भाग पाहा. आडव्या भेगा पडलेल्या किंवा झुकलेल्या दरडीखाली उभं राहू नका, पावसाळ्यानंतर तर नाहीच. एक मीटर रुंदीचा उभा पट्टा खुरपीने, पायऱ्या पायऱ्यांनी, ताजी माती दिसेपर्यंत आत घ्या. वरपासून टेप लावा. माथ्याची उंची जवळच्या पक्क्या खुणेवरून घ्या. हातातल्या जीपीएसची आडवी चूक ३ ते ५ मीटर आणि उभी त्याहून जास्त असते. उंचीसाठी ऑटोलेव्हल (तिपाईवरची पातळी-दुर्बीण) किंवा आरटीके (सेंटीमीटरच्या अचूकतेचं जीपीएस) वापरा.

प्रत्येक थरासाठी नोंदा: ओल्या मातीचा (मुन्सेल रंगतक्त्याशी जुळवून घेतलेला) रंग, पोत, थराची खालची सीमा धारदार की विरघळती, खड्यांचा आकार आणि कल, चुनखडीच्या गाठी, मुळांच्या नळ्या, माणसाचे अवशेष. १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकून फेस येतो का, म्हणजे चुना आहे का, पाहा, पण डोळ्यांना चष्मा लावून. आपल्या दरडींत साधारण तळाला चुन्याने घट्ट झालेला गोट्यांचा थर आणि त्यावर पिवळसर तपकिरी पोयटा दिसतो. मध्येच गडद पट्टा येतो आणि त्यात मुळांच्या खुणा असतात. तो बुजलेला जुना पृष्ठभाग असू शकतो. माणूस कधीकाळी इथे चालला असेल, तर तो याच थरावर.

खापर मिळालं की पहिला प्रश्न असा: ते जागचं आहे की वाहून आलं? कडा धारदार, सोबत राखेचे पापुद्रे, भाजलेल्या मातीचे तुकडे आणि हाडं असतील तर बहुधा जागचं. कडा झिजलेल्या, खापर गोट्यांच्याच दिशेने कललेलं आणि थर वाळूचा असेल तर नदीने आणलेलं. दुसऱ्या जातीच्या खापरावरून एवढंच म्हणता येतं की वस्ती प्रवाहाच्या वरच्या अंगाला होती आणि थर त्या खापरानंतरचा आहे.

काळ्या मातीत आणखी एक धोका आहे. उन्हाळ्यात तिला मीटरभर खोल भेगा पडतात. वरचं खापर, कोळसा, आधुनिक काचसुद्धा त्यात पडते आणि पावसाने माती फुगली की भेग मिटते. खालचे खडे वरही येतात. म्हणून काळ्या मातीच्या जाड थरातल्या एकट्या-दुकट्या वस्तूवर काळ ठरवू नका. चकचकीत, तिरके घसरपृष्ठ (माती फुगताना एकमेकींवर घासून झालेले पृष्ठ) दिसले की ती जागा गडबडलेली धरा.

घोडला मिळणाऱ्या कुकडी नदीवर बोरीजवळ ज्वालामुखीय राखेचा थर आहे. तिच्या वयावर बराच वाद झाला, पण असा थर दोन दूरच्या दरडी एकमेकींशी जुळवायला उपयोगी पडतो. पांढरट, हलका, काचेसारखा चरचरीत थर दिसला तर नमुना घ्याच.

नमुने

नेहमी खालून वर घ्या, म्हणजे वरची माती खालच्या नमुन्यात सांडत नाही. दर १० सेंटीमीटरला, पण थराची सीमा न ओलांडता, ३०० ते ५०० ग्रॅम माती पुरते. पिशवीवर बाहेर आणि आत अशा दोन चिठ्ठ्या लावा.

ओएसएल कालमापनासाठी (मातीच्या कणांवर शेवटचा उजेड कधी पडला ते मोजणाऱ्या पद्धतीसाठी) ५ सेंटीमीटर व्यासाचा, २० ते २५ सेंटीमीटर लांब लोखंडी पाइप थरात आडवा ठोका. त्याची दोन्ही तोंडं झाकून काळ्या पिशवीत भरा. शक्य तितका थराच्या सीमेपासून ३० सेंटीमीटर दूर राहा आणि त्याच जागेची आणखी किलोभर माती घ्या, किरणोत्सार आणि ओलावा मोजायला. बसाल्टच्या प्रदेशात एक अडचण ठरलेली आहे: या पद्धतीला लागणारं क्वार्ट्झ आपल्या गाळात फार कमी असतं. प्रयोगशाळेशी आधी बोला. फेल्डस्पार किंवा बारीक कणांवर काम करता येईल का ते विचारा, नाहीतर पाइप ठोकून आणलेला नमुना पडून राहतो.

कोळसा हाताने न उचलता चिमट्याने ॲल्युमिनियमच्या कागदात घ्या. साधा कागद, कापूस नको. मोठ्या लाकडाच्या गाभ्यापेक्षा धान्याचा जळका दाणा चांगला, कारण तो एकाच हंगामातला असतो.

वस्तीचा ठसा शोधायला फॉस्फरस मोजतात. नांगरटीच्या थरातला आकडा डीएपी खताच्या पोत्याचा असतो, म्हणून ३०–४० सेंटीमीटरखालचा नमुना आणि वस्तीबाहेरचे किमान पाच तुलनेचे नमुने घ्या. चुंबकीय संवेदनशीलतेचंही (माती किती सहज चुंबकित होते त्या मोजमापाचंही) असंच. बसाल्टमध्ये मुळातच चुंबकीय खनिज भरपूर, त्यामुळे चुलीने किंवा आगीने झालेली वाढ त्या आकड्यांत बुडून जाते. इतर देशांतल्या गाळावर ठरवलेली मूल्यं इथे लावू नका. त्याच दरडीतल्या निर्मनुष्य थराशी तुलना करा.

शिवार पायाखाली घालणं

जमीन नांगरून पहिल्या पावसाने धुतली की खापरं चमकून दिसतात. ऊस, कांदा उभा असेल तर त्या शेतात दृश्यता शून्य लिहा आणि पुढे जा, ‘काही नाही’ असं लिहू नका. पाच-सहा जणांनी १० मीटर अंतर ठेवून चालावं आणि ५० मीटरला एक नोंद करावी. ‘क्यूफिल्ड’ या क्यूजीआयएसच्या मोबाइल ॲपमध्ये फॉर्म आधीच बनवून ठेवा: तुकडा क्रमांक, दृश्यता टक्के, जमिनीची स्थिती, खापरांची संख्या, ओळखलेला प्रकार, फोटो. पर्याय यादीतून निवडायला ठेवा. मोकळं लिहायला दिलं की एकच गोष्ट पाच तऱ्हांनी लिहिली जाते.

जोर्वे खापर ओळखायला सोपं आहे: नारिंगी-तांबडा, बिनचमकीचा पृष्ठ, त्यावर काळी भौमितिक नक्षी, आणि टिचकी मारली की खणखणतं. पण एखाद-दुसरं खापर म्हणजे वस्ती नव्हे. उकिरड्याचं खत आणि पांढरी माती शेकडो वर्षं शेतात पडत आली आहे, त्यासोबत खापरंही गेली. गावाभोवती पातळ, सारखी पसरलेली खापरं हा खताचा पसारा असतो. वस्तीत दाटी एका जागी अचानक वाढते, आणि तिथे राख व हाडंही असतात.

सगळं एकत्र

आता क्यूजीआयएसमध्ये पहिला बहुभुज नकाशाथर करा तो भूरूपांचा: नवा गाळ, जुन्या गाळाची पायरी, घळींचा प्रदेश, माळ, उघडा खडक. प्रत्येकाला एक रकाना जोडा: ‘जोर्वे काळाचा पृष्ठभाग आज उघडा, पुरलेला की झिजलेला?’ दरडींवरून जिथे खात्री आहे तिथेच उत्तर लिहा, बाकी रिकामं ठेवा. घनता आणि अंतराची गणितं फक्त ‘उघडा’ भागावर करायची. एवढ्या एका रकान्याने बहुतेक खोटे निष्कर्ष गळून पडतात.

तासाभराची चाल काढायला ‘ग्रास’ या नकाशा-सॉफ्टवेअरमधलं ‘आर.वॉक’ किंवा उतारावरून चालण्याचा वेग देणारं टॉब्लरचं सूत्र वापरा. सपाटीवर ते ताशी सुमारे ५ किलोमीटर वेग देतं. आजचे जलाशय आणि कालवे अडथळा म्हणून ठेवू नका, पण घोड नदी ठेवा. दोन नकाशे करा, एक उन्हाळ्याचा, नदी पायी ओलांडता येणारा, आणि एक पावसाळ्याचा, नदी बंद असलेला. पावसाळ्यातल्या नकाशात पलीकडची काळी जमीन हाताबाहेर जाते, आणि खरिपाची मशागत कोणत्या काठावर झाली असेल याचा विचार तिथून सुरू होतो.

संभाव्य जागांचं प्रारूप केलं तर त्याची कसोटी घ्या. क्षेत्राच्या २० टक्के भागात ७० टक्के वस्त्या येत असतील तर लाभांक (प्रारूप नुसत्या योगायोगापेक्षा किती सरस ते सांगणारा आकडा) १ वजा २०/७०, म्हणजे ०.७१. ऐकायला चांगला आहे. पण ज्या वस्त्यांवरून प्रारूप बनवलं त्यांच्यावरच तपासलं तर तो आकडा फुकाचा. काही वस्त्या आधीच बाजूला ठेवा, आणि प्रारूपाने ‘कमी शक्यता’ म्हटलेल्या भागातही तितक्याच निष्ठेने चाला.

प्रत्येक नकाशाथरासोबत तारीख, स्रोत, निर्देशांक पद्धत आणि अंदाजे चूक लिहून जिओपॅकेजमध्ये, म्हणजे सगळे नकाशाथर एकत्र ठेवणाऱ्या एका फाइलमध्ये, साठवा. नवी जागा सापडली तर राज्य पुरातत्त्व विभागाला नेमके निर्देशांक कळवा. लोकांसाठीच्या नकाशात मात्र ती एक किलोमीटरच्या चौकोनात दाखवा. नेमका बिंदू छापला की पांढर उकरायला येणारे अभ्यासकांच्या आधी पोचतात.